हिपॅटायटिस सीच्या उपचाराला व्यसन सुटायची वाट बघायची नाही

पत्र:

नमस्कार डॉक्टर,

मी कल्याणला राहते. माझं माहेर इथून दोन स्टेशनं पुढे. माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे. बरीच वर्षं गर्दच्या नादी लागलाय, आता सुईने घेतो. मध्ये आठ महिने आत जाऊन आला. दोन वेळा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, दोन्ही वेळा बाहेर आल्यावर परत तेच. गेल्या महिन्यात स्टेशनजवळ एका संस्थेच्या मुलांनी बोट टोचून तपासणी केली. एचआयव्ही नाही निघाला, पण 'हिपॅटायटिस सी रिअ‍ॅक्टिव्ह' अशी चिठ्ठी दिली. तेव्हापासून भावजयीने त्याचं ताट-वाटी वेगळं काढलंय, पाच वर्षांच्या मुलीला त्याच्याजवळ जाऊ देत नाही. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, आधी नशा सोडू दे, सहा महिने चांगला राहू दे, मग औषधाचं बघू, नाहीतर लाखो रुपये पाण्यात. भाऊ म्हणतो, मी कधी कुणाची सुई वापरलीच नाही. सरकारी दवाखान्यात यायला तो तयार नाही. मागे एकदा रक्त काढताना सगळ्यांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. आई सारखी रडते. 1996 साली पिशवीच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं तेव्हापासून तिची तब्येत तोळामासाच आहे, त्यात हे. माझे मिस्टर म्हणतात, अशा माणसावर पैसे घालू नकोस. मी काय करू?

– एक बहीण

उत्तर:

ताई,

तुमचे प्रश्न चार-पाच आहेत, पण घोडं अडलंय एकाच ठिकाणी: 'आधी नशा सोडू दे, मग औषधाचं बघू.' म्हणून तिथूनच सुरुवात करते.

थांबू नका. हिपॅटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणूचा आजार. भावाची सुई चालू असली तरी त्याचा उपचार सुरू करता येतो, आणि करायला हवा. माणूस नशा करतो एवढ्याच कारणावरून त्याला हे औषध नाकारू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे. सुईने नशा करणाऱ्यांना तर उपचारांत आधी घ्यावं असंच त्या सांगतात.

तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या मनात काही खोट असेल असं मला वाटत नाही. ते जे बोलले ते एके काळी आम्ही सगळेच डॉक्टर बोलायचो, आणि त्याला कारण होतं. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या एवढंच होतं. दर आठवड्याला एक सुई, सहा महिने ते वर्षभर. अंगात ताप, अशक्तपणा, रक्त कमी होणं, आणि काही जण तर इतके खचायचे की जीव द्यायचे विचार मनात यायचे. एवढं सोसून साधारण निम्मेच बरे व्हायचे. असं औषध द्यायचं तर पेशंट पारखून घ्यावा लागायचा. मग 2013 मध्ये सोफोसबुव्हिर आलं, तोंडाने घ्यायची गोळी. पण अमेरिकेत तिची किंमत लावली एका गोळीला हजार डॉलर, म्हणजे 12 आठवड्यांच्या कोर्सला 84 हजार डॉलर. 'लाखो रुपये पाण्यात' ही भीती त्या काळातली. पुढच्याच वर्षी मूळ कंपनीने भारतातल्या कंपन्यांना जेनेरिक बनवायचा परवाना दिला आणि आपल्याकडे किमती धाडकन खाली आल्या. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात या आजाराची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. तेव्हा मिस्टरांना सांगा, तुमच्या खिशातून जायचं ते लोकलचं तिकीट आणि फार तर एखादी सोनोग्राफी बाहेर करावी लागली तर तिचे पैसे.

राहिला प्रश्न 'हा गोळ्या वेळेवर घेणार का' याचा. रास्त शंका आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात देशांतल्या अशा 103 जणांना गोळ्या दिल्या, ज्यांनी नुकतीच सुईने नशा केलेली होती. बहुतेकांची तर चालूच होती. 94 टक्के बरे झाले. मधेमधे त्यांचे डोस चुकलेही. चुकतातच, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आपणही चुकवतो. गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन घ्यायच्या नाहीत, आणि 'आता चुकलंच आहे तर' म्हणून कोर्स सोडायचा नाही.

सहा महिने थांबण्यात आणखी एक तोटा आहे आणि तो तुमच्या घरापुरता नाही. तुमचा भाऊ ज्या चार-पाच जणांबरोबर बसतो, त्यांच्यात हा विषाणू फिरतो. एकाच्या रक्तातून तो गेला की पुढच्याला लागायची एक वाट बंद होते. अशा लोकांना शेवटच्या रांगेत उभं करून साथ आटोक्यात कशी येणार?

आता जरा थांबून, भावाला हा आजार खरंच आहे का ते बघू. कारण ते अजून ठरलेलंच नाही.

बोट टोचून केलेली तपासणी अँटिबॉडीची असते. 'रिअ‍ॅक्टिव्ह' याचा अर्थ एवढाच, की कधी ना कधी हा विषाणू त्याच्या शरीरात शिरला होता. शिरलेल्यांपैकी दहातल्या साधारण तिघांचं शरीर काही महिन्यांत त्याला आपणहून हाकलून देतं. विषाणू गेला तरी अँटिबॉडी रक्तात राहते. म्हणून दुसरी तपासणी लागते, आरएनएची, जिला सगळे 'व्हायरल लोड' म्हणतात. टीबीसाठी सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रं तुम्ही ऐकली असतील. (ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या कंपनीचं.) त्याच यंत्रांवर हीही तपासणी होते. व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड' आला तर भावाला औषधाची गरजच नाही. विषाणू सापडला तर उपचार.

बहुतेक माणसं हरवतात ती या दोन तपासण्यांच्या मध्ये. शिबिरात चिठ्ठी मिळते, घडी घालून खिशात जाते, पँट धुतली की संपलं. रुग्णालयात गेलात की एकच आग्रह धरा: एकदाच रक्त घ्या आणि त्याच नमुन्यावर व्हायरल लोड, लिव्हर फंक्शन, सीबीसी, क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस बी, सगळं करा. 'पुढच्या बुधवारी परत या' म्हटलं तर तुमचा भाऊ पुढच्या बुधवारी सापडणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि रक्त काढायच्या प्रसंगाविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचा भाऊ नेमका तिथेच बिथरलाय. जो बरीच वर्षं सुई घेतो त्याच्या हाताच्या शिरा आत गेलेल्या, कडक झालेल्या असतात. टेक्निशियन कोपरात टोचतो, मिळत नाही. परत टोचतो, मिळत नाही. मागे रांग वाढते, मग तोंडातून शब्द निघतो, 'सगळ्या शिरा जाळून ठेवल्यास आणि आता इथे आलायस.' रांगेतले सगळे वळून बघतात. त्या क्षणी माणूस बाही खाली करतो आणि निघून जातो, ते पुन्हा दोन-तीन वर्षं येतच नाही. हे टाळता येतं. त्या दिवशी सकाळी त्याला भरपूर पाणी पाजा. रक्त द्यायच्या आधी हात कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवायला सांगा, किंवा गरम चहाचा ग्लास तळहातांत धरू दे. टेक्निशियनला तुम्हीच आधी, हळू आवाजात सांगा की शिर मिळायला त्रास होतो, लहान सुई वापरा. आणि भावाला बोलू द्या. कुठली शिर चालते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, तो बोट ठेवून दाखवेल. कुणी वाकडं बोललंच तर तिथे भांडत बसू नका, समाजसेवा अधीक्षकांची खोली शोधा. बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत ते पद असतं आणि त्यांचं कामच ते आहे.

वेळेचंही बघा. टर्की लागलेला, म्हणजे नशा न मिळाल्याने तळमळणारा माणूस दोन तास केसपेपरच्या रांगेत उभा राहू शकत नाही, आणि त्यावरून त्याला आळशी किंवा बेफिकीर ठरवण्यात अर्थ नाही. केसपेपर तुम्ही काढा, नंबर जवळ आला की त्याला आत आणा. आधार कार्डाची झेरॉक्स, चालू मोबाइल नंबर आणि ती शिबिराची चिठ्ठी बरोबर असू द्या. कागदावरून माघारी फिरायला नको.

तो म्हणतो सुई कधी कुणाची वापरली नाही. तो खोटं बोलतोय असं धरून चालू नका. सुई स्वतःची असते, पण ज्या झाकणात माल विरघळवतात ते एकच असतं, गाळायचा कापूस एकच, पाण्याची बाटली एकच. एकाने वापरलेली सुई त्या पाण्यात एकदा बुडाली की पुरे. रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंशही चालतो, आणि सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू कित्येक आठवडे तग धरू शकतो. शिवाय तो आठ महिने आत होता. तिथे दाढीचं ब्लेड कुणाबरोबर वापरलं, हातावर गोंदून घेतलं, यातूनही होऊ शकतं. तुरुंगांमध्ये एचआयव्ही, टीबी, गुप्तरोग आणि हिपॅटायटिस यांची एकत्र तपासणी करायची मोहीम नाकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, हाती घेतली ती उगाच नाही. कुठून लागलं याचा छडा लावत बसू नका, उपचार दोन्हीकडे तोच आहे.

आता घरातलं. भावजयीला माझ्यातर्फे सांगा: ताट-वाटी एकत्र ठेवली तरी चालेल. हा आजार उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने, कुशीत घेतल्याने, पापा घेतल्याने, एक संडास वापरल्याने होत नाही. हा फक्त रक्तातून रक्तात जातो. मुलीने बापाच्या मांडीवर बसून वरण-भात खाल्ला तरी तिला काही होणार नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं सामान, टूथब्रश आणि नेलकटर. जखम झाली तर पट्टी बांधायची, जमिनीवर रक्त सांडलं तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला लावून ब्लीचच्या पाण्याने पुसायचं.

भावजय घाबरली यात तिचं चुकलं नाही, फक्त ती चुकीच्या वस्तूला घाबरतेय. पाच वर्षांच्या मुलीला धोका त्या ताटाचा नाही, गादीखाली किंवा मोरीच्या कट्ट्यावर राहिलेल्या वापरलेल्या सुईचा आहे. त्याला ओरडून तो घरात घेणं बंद करणार नाही, लपवून घेईल, आणि लपवलेली सुईच मुलीच्या हाताला लागेल. म्हणून जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बाटली त्याला द्या, मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवायला सांगा आणि वापरलेली प्रत्येक सुई झाकण न लावता थेट त्यात टाकायला सांगा. भरली की संस्थेची मुलं परत घेतात.

नवरा-बायकोच्या संबंधातून हिपॅटायटिस सी क्वचितच लागतो, तरी भावजयीने एकदा तपासणी करून घ्यावी. सुईमुळे दुसरे आजारही येऊ शकतात, त्यामुळे तूर्त कंडोम वापरलेला बरा. भावजयीची तपासणी निगेटिव्ह आली तर मुलीची करायची गरज नाही, कारण मुलाला हा आजार होतो तो मुख्यतः बाळंतपणात आईकडून, आणि तोही आईला असेल तर शंभरात साधारण पाच जणांना.

आता तुम्ही जे विचारलंच नाहीत ते. तुमचं पत्र वाचताना मी भावापाशी थांबले नाही, आईपाशी थांबले. 1996 साली ऑपरेशनमध्ये रक्त चढवलं, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. आपल्या देशात रक्तपेढीतल्या प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती 2000 नंतर. 2002 च्या आधी ज्यांनी ज्यांनी रक्त घेतलंय, मग ते बाळंतपणात असो, अपघातात असो की पिशवीच्या ऑपरेशनमध्ये, त्या सगळ्यांनी आयुष्यात एकदा ही तपासणी करायला हवी. आईच्या अशक्तपणाचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, शंभर कारणं असतात. पण हा आजार वीस-वीस वर्षं गप्प बसतो. ना कावीळ, ना ताप. ज्यांच्या रक्तात तो टिकून राहतो त्यांच्यापैकी 15 ते 30 टक्क्यांना वीस वर्षांत सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जातं, आणि कित्येकांना पोटात पाणी झाल्यावरच पहिल्यांदा कळतं.

हे भावजयीलाही कळू दे. हिपॅटायटिस सी म्हणजे गर्दुल्ल्यांचा आजार, ही समजूत घराघरात आहे. इजिप्तचं उदाहरण बघा. तिथे 1950 पासून पुढे तीसेक वर्षं नाईल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना पाण्यातून होणाऱ्या एका कृमिरोगावर सरकारनेच गावोगाव इंजेक्शनं दिली. त्याच त्या काचेच्या सिरिंजा नीट न उकळता वापरल्या गेल्या आणि जगात सगळ्यात जास्त हिपॅटायटिस सी त्या देशात पसरला. कुणाची नशा नव्हती, की कुणाची बदफैली नव्हती. मग 2018-19 मध्ये त्यांनी सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली, ज्यांना निघाला त्यांना गोळ्या दिल्या, आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्या कामावर शिक्कामोर्तब केलं. आपल्याकडे पंजाबनेही राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आधी, 2016 मध्ये, जिल्हा रुग्णालयांतून हे उपचार मोफत सुरू केले होते. तिथल्या रुग्णांमध्ये शेतकरी होते, गृहिणी होत्या. साध्या तापाला इंजेक्शन मागायची आणि द्यायची सवय आपल्याकडेही आहेच. 2022 च्या आकडेवारीनुसार भारतात सुमारे 55 लाख लोकांना हा आजार आहे. सुईने नशा करणारे, डायलिसिसवर असलेले, थॅलेसेमियाची मुलं, कैदी यांच्यात तो जास्त सापडतो, कारण यांच्या शरीरात सुई वारंवार जाते. स्वभावाचा त्याच्याशी संबंध नाही.

व्हायरल लोड निघालाच तर पुढचं तसं सोपं आहे, मी लांबण लावत नाही. वय, प्लेटलेट आणि एसजीओटी-एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासण्या) यांच्यावरून डॉक्टर यकृत किती खराब झालंय याचा अंदाज घेतात. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, रोज एकदा, 12 आठवडे. सिरॉसिस असेल पण यकृत काम करत असेल तर डॅक्लाटासव्हिरच्या जागी वेल्पाटासव्हिर. थोडी डोकेदुखी, थकवा, मळमळ, एवढाच त्रास बहुतेकांना होतो. शंभरात 95 च्या आसपास बरे होतात.

डॉक्टरांपासून तीन-चार गोष्टी लपवू नका. टीबीची औषधं चालू आहेत का? त्यातलं रिफॅम्पिसिन या गोळ्यांना निकामी करतं, त्यामुळे बहुधा टीबीचा कोर्स आधी पुरा करावा लागतो. फिटच्या गोळ्या, म्हणजे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, घेतो का? हृदयासाठी अ‍ॅमिओडॅरोन? वेल्पाटासव्हिर चालू असेल तर पित्ताची गोळी मनाने घ्यायची नाही. हिपॅटायटिस बी आधी तपासायलाच हवा, कारण सीचा उपचार चालू असताना दबून बसलेला बी उसळी मारू शकतो. बी नसेल तर त्याची लस टोचून घ्या. सीवर लस नाही, बीवर आहे. आणि दारू पीत असेल तर तीही मोकळेपणाने सांगा. दारूने यकृत दुप्पट वेगाने जातं की तिप्पट, यावर वाद नको, कमी करेल तेवढं चांगलं. पण दारू पितो म्हणूनही उपचार थांबवायचे नाहीत.

आई काविळीची माळ किंवा चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवणाऱ्याचं नाव काढेल. तिला ओरडू नका. ती माळ गळ्यात घातल्याने विषाणू जात नाही, तशी माळेने इजाही होत नाही. पोटातून द्यायचा झाडपाला मात्र अजिबात नको. आधीच सुजलेल्या यकृतावर त्याने काय होईल सांगता येत नाही.

सुईचं काय, हा प्रश्न उरतोच. औषधाने तो बरा होईल, पण या आजाराची प्रतिकारशक्ती तयार होत नाही. पुन्हा तसंच झाकण, तोच कापूस वापरला तर पुन्हा होऊ शकतो. (आणि झालाच तर पुन्हा उपचार करायचे. 'एकदा फुकट दिलं, आता नाही' हे मला मान्य नाही.) एड्स नियंत्रण संस्थेच्या मदतीने चालणाऱ्या प्रकल्पांतून नव्या सुया आणि सिरिंज मोफत मिळतात. 'सरकारच सुया वाटतं म्हणजे काय' असं तुमचे मिस्टर म्हणतील. नवी सुई दिल्याने कुणी नशा सुरू करत नाही, जुनी सुई वापरून माणूस आजारी मात्र नक्की पडतो. त्याच व्यवस्थेत ओएसटी केंद्रं, म्हणजे सुईच्या नशेऐवजी तोंडाने औषध देणारी केंद्रं, आहेत. तिथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज कर्मचाऱ्यांसमोर जिभेखाली विरघळवून घ्यायची असते. तिने टर्की येत नाही, सुईची ओढ कमी होते, माणूस कामाला जाऊ शकतो. दोन वेळा कोंडून ठेवून जे जमलं नाही ते यातून जमायची शक्यता जास्त आहे, असं माझं मत आहे. हिपॅटायटिसच्या गोळ्यांशी तिचं वाकडं नाही. रोज त्या केंद्रावर जायला लागला तर हिपॅटायटिसची गोळीही तिथेच, त्याच वेळी घ्यायची सवय लावा, तुम्हाला रोज फोन करून विचारावं लागणार नाही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे, जवळचं केंद्र तिथे विचारता येईल.

कोर्स संपल्यावर एक गोष्ट हमखास राहून जाते. शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी व्हायरल लोड परत करायचा. तो 'नॉट डिटेक्टेड' आला तरच बरा झाला म्हणायचं. तो कागद लॅमिनेट करून ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण पुढे कुठल्याही शिबिरात, ऑपरेशनआधी किंवा पुन्हा आत गेलाच तर तिथेही, बोट टोचलं की चिठ्ठी 'रिअ‍ॅक्टिव्ह'च येणार. अँटिबॉडी आयुष्यभर राहते. तेव्हा घाबरायचं नाही, कागद दाखवायचा आणि व्हायरल लोड मागायचा. सिरॉसिस निघाला असेल तर मात्र बरा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागेल, यकृताच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला.

सुरुवात अशी करा. ज्या मुलांनी शिबिर घेतलं त्यांच्या संस्थेला आधी फोन करा, नंबर त्या चिठ्ठीवर असण्याची शक्यता आहे, नसला तर भाऊ सांगेल. त्यांच्यातला एखादा मुलगा स्वतः त्या वाटेने गेलेला असतो. कुठल्या रुग्णालयात, कुठल्या वारी, कुठल्या खिडकीवर जायचं हे त्याला पाठ असतं, आणि तुमचा भाऊ तुमच्यापेक्षा त्याचं जास्त ऐकेल. संस्था सापडली नाही तर जिल्ह्याचं सिव्हिल किंवा जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठा आणि 'व्हायरल हिपॅटायटिसचं ट्रीटमेंट सेंटर कुठे आहे' एवढंच विचारा. आईलाही त्याच दिवशी बरोबर न्या, तिचा केसपेपर वेगळा काढा. भावाला 'तुझ्यासाठी चल' म्हटलं तर तो येणार नाही कदाचित. 'आईला न्यायचंय, मला एकटीला जमत नाही' म्हणून बघा.

मात्र पोट फुगलं, पाय सुजले, डोळे पिवळे झाले, शौचाला डांबरासारखं काळं झालं, रक्ताची उलटी झाली किंवा तो असंबद्ध बोलायला लागला, तर शिबिर, संस्था, बुधवार कशाचीही वाट न बघता त्याला थेट मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्या.